एच-बारा

खोका आला तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्या मऊ पडल्या होत्या.
द्वारका चौकात टेम्पो पाऊण तास उभा, कुरियरवाला म्हणाला,
जणू चौकाची तक्रार माझ्याकडेच नोंदवायची होती.
आत करंगळीच्या पेराएवढी कुपी,
तळाशी थेंब, दिसतो न दिसतो.
लेबलवर: स्रोत, ससा. लक्ष्य, माणूस.
वाढीचं प्रथिन, आयजीएफ-वन.
खाली बारीक अक्षरांत:
फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे.
पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नये.

ही शेवटची ओळ मी दरवेळी दोनदा वाचते.
का, ते सांगण्यासारखं नाही.

वडील तांबट आळीत डब्यांना झाकणं बसवायचे.
ढीगभर झाकणं, दिसायला सगळी सारखी,
पण फिरवून दाबलं की एकच
'टक्' म्हणायचं.
बाकीची बसायची, बोलायची नाहीत.
अँटिबॉडी म्हणजे काय गं, आईनं विचारलं
तेव्हा मी हेच सांगितलं.
ती म्हणाली, मग एवढी फी भरून
नवीन काय शिकलीस?

रंगनाथ बेंडकुळे आमचे रात्रपाळीचे वॉचमन, मोहाडीचे.
सातपूरची वीज गेली की माझ्याआधी
तेच फ्रीजच्या दिव्याकडे बघतात.
एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाले,
आमच्या केतनला तेरा पुरी झाली, मॅडम.
बरोबरीची पोरं द्राक्षाच्या मांडवात शिरताना
आता मान वाकवतात.
हा तारेखालून सरळ चालत जातो.
मग कपाची कड पुसत:
घडाला जीए दिलं की मणी लांबतो.
माणसाला असलं काही नसतं का?

असतं, म्हणाले मी.
त्यालाच हुडकणारा थेंब
त्यांच्या पाठीमागच्या फ्रीजमध्ये आहे, हे नाही म्हणाले.
तरी गुरुवारी ते रुमालात गुंडाळून नळी घेऊन आले.
नाही म्हणायला मी तोंड उघडलं
आणि हात पुढे गेला.

प्लेटवर शहाण्णव खळगे. पंच्याण्णव प्रोजेक्टचे.
कोपऱ्यातला एच-बारा रिकामा राहायचा, कायमच.
रात्रभर चार अंशांवर पहिली अँटिबॉडी तळाला चिकटू दिली.
उरल्या जागा दुधाच्या पावडरीनं झाकल्या,
नको ते येऊन बसू नये म्हणून.
मग सीरम. मग धुणं, उपडं करून टिपकागदावर
ठक ठक ठक,
आळीतला आवाज, फक्त प्लॅस्टिकचा.
मग दुसरी अँटिबॉडी, वरून.
असलंच प्रथिन, तर दोघींच्या मध्ये धरलेलं.
रंगद्रव्य घातल्यावर खळगे एकेक निळे होत गेले,
आम्ल पडताच पिवळे,
कुठे झेंडू, कुठे ताक.
एच-बारामध्ये हळदीचं बोट बुडवून
लगेच काढून घ्यावं, तेवढंच.

एका खळग्यावरून काही सिद्ध होत नाही.
जोडीचा खळगा हवा, वयाचा तक्ता हवा.
बर्फ वितळला होता. लेबल तर काय, स्पष्टच.
मी आकडा लिहिला, कागद चौपदरी दुमडला,
ॲप्रनच्या खिशात ठेवला
आणि ॲप्रन धुवायला टाकला.

किती आला हो, रंगनाथ म्हणाले.
आकडा नाही धरायचा यातला, म्हणाले मी,
पण हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. या महिन्यातच. द्राक्षाची छाटणी थांबेल.
ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.
घडाकडे बघून साखर किती भरली
ते सांगणारा माणूस.

कुठल्या तरी पिंजऱ्यातल्या त्या सशाचं
माणसाच्या उंचीशी काही वाकडं नव्हतं.
कातडीखाली कुणी काही टोचलं,
त्याचं रक्त म्हणालं, हे आपलं नव्हे,
आणि ते नव्हे-पण त्यानं नीट पाठ केलं.
आम्ही ते कुपीत भरून मागवतो.

कुपीत अजून चाळीस मायक्रोलिटर आहे.
वाटण्या करून, तारखा घालून, वजा वीसवर ठेवलं.
निघताना रंगनाथ रजिस्टरात माझी वेळ लिहीत होते.
गेटचा आडवा दांडा पूर्ण वर होता, माझ्यापेक्षा हातभर उंच.
मी तरी मान वाकवून बाहेर पडले.